बालकामगार, बालमजूर आणि ‘आईला मदत’

प्रश्न : सोलापुरात शाळेच्या भिंतीवर लावायच्या फलकाचा मजकूर लिहिते आहे. ‘बालकामगार’ आणि ‘बालमजूर’ यांत फरक आहे का? आईबरोबर विड्या वळणारी मुलगी ‘आईला मदत करते’ असं लिहिलं तर चालेल का?

उत्तर : ताई, पहिल्या दोन शब्दांत कायद्याच्या दृष्टीने फरक नाही. मजूर म्हटलं की रोजंदारी डोळ्यांपुढे येते, म्हणून यंत्रमागावरच्या पोराला ‘बालकामगार’ नेमका बसतो. प्रथेला मात्र ‘बालमजुरी’च म्हणतात.

खरी गोम ‘मदत’मध्ये आहे. १९८६ च्या बालमजुरीविरोधी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवायला बंदी आली. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या उद्योगाला हातभार लावायची सूट आहे, पण कायद्याला जोडलेल्या यादीतल्या कामांना ती नाही. त्या यादीत विडी बनवणं आहे. कापड विणणं, रंगवणं, छापणं आणि त्याआधीची तयारीही आहे. म्हणजे पान कातरणं, विडीला सूत गुंडाळणं, तोंड मुडपणं, मागासाठी कांडी भरणं, सगळंच आलं. आपल्या गावचे दोन्ही धंदे त्यात बसतात! तेव्हा ‘मदत’ नको. ‘मुलीकडून विड्या वळून घेतल्या जातात’ असं लिहा. आईला दोषी ठरवणारा शब्दही टाळा. मजुरी हजार विड्यांवर मिळते, म्हणून आकडा भरायला घरातले सगळे हात लागतात.

पुरवणी : ‘कुटुंब’ही कायद्याने मोजून दिलंय : आई, वडील, भाऊ, बहीण, काका, आत्या, मामा, मावशी. पोरगं मालकाला ‘काका’ म्हणतं, एवढ्याने तो कुटुंबातला होत नाही.

‘किशोर’ म्हणजे १४ पूर्ण ते १८ च्या आत. धोकादायक नसलेलं कामच त्याला देता येतं. तेही सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, मग किमान १ तास सुट्टी, सगळं धरून ६ तास. संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही, ओव्हरटाइम नाही. ‘सोळाचा आहे, रात्रपाळीला चालतो’ हे साफ चूक.

आणखी एक : ‘छाप्यात मुलं पकडली’ असं लिहू नका. मुलं सोडवली जातात, गुन्हा त्यांना कामावर ठेवणाऱ्यावर दाखल होतो. सोडवलेल्या मुलाला २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. फलकावर १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर ठळक टाका. शेजारी लिहा, ‘पत्ता, कामाची वेळ आणि मूल नेमकं काय करतं ते सांगा’. ‘तिथे मुलं राबतात’ एवढ्या मोघम तक्रारीवर अधिकारी पोचेपर्यंत पाळी सुटलेली असते.