चपलेच्या तळव्यात हवा भरत नाहीत
वर कोणीतरी लिहिलंय की स्लिपरच्या तळव्यात पंपाने हवा भरतात. नाही हो. ईव्हीएच्या (रबरासारखं मऊ प्लास्टिक) मिश्रणात एक पिवळी पूड घालतात, अझोडायकार्बोनामाइड. ती एकटी तापवली तर २०० अंश सेल्सिअसच्या आसपास फुटते, एका ग्रॅममधून २०० मिलीलिटरच्या वर वायू, मुख्यतः नायट्रोजन. चिमूटभर झिंक ऑक्साइड घातलं की हेच काम १६० च्या आसपास उरकतं.

ही चिमूटच घात करते. गोव्यात कुंडईला एका कारखान्यात प्रेसवर, म्हणजे साचा दाबून तापवणाऱ्या यंत्रावर होतो तेव्हा एका पाळीत ती जास्त पडली. मिश्रणात पेरॉक्साइडही असतं, ते तापल्यावर माल घट्ट बांधतं; त्याने माल धरायच्या आधीच वायू सुटला. एरवी साचा उघडताच शीट फुगून टुणकन बाहेर येते. त्या दिवशी निघाली ती फाटकी, आंबोळीसारखी भोकंच भोकं.