मदत हवी आहे : जेलमध्ये मिसळल्यावर नॅनोकण शाबूत आहेत हे कसं दाखवायचं?

नमस्कार मंडळी, मी बडोद्यात एम.फार्म. करते आहे. बुरशीवरचं ल्युलिकोनाझोल लिपिडच्या नॅनोकणांत, म्हणजे एनएलसीत भरलं आणि ते कार्बोपोल ९३४ या पाण्यात फुगणाऱ्या पॉलिमरच्या १ टक्का जेलमध्ये मिसळलं. जेलआधीचं डिस्पर्शन, म्हणजे पाण्यात विखुरलेले कण, उत्तम आहे: आकार १७० नॅनोमीटरच्या आसपास, पीडीआय (कणांच्या आकारातली तफावत) ०.२२, झीटा (कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारं पृष्ठभागाचं विद्युत विभव) उणे २६ मिलिव्होल्ट. पण तेच जेल डिस्टिल्ड वॉटरमध्ये पातळ करून डीएलएसवर (विखुरलेल्या प्रकाशावरून आकार मोजणाऱ्या यंत्रावर) लावलं की आकार ६०० च्या पुढे.

कण एकमेकांना चिकटले म्हणावं, तर कोरं जेलही काहीशे नॅनोमीटरची शिखरं दाखवतं. फुगलेलं कार्बोपोल स्वतःच प्रकाश विखुरतं, मग हा आकडा नक्की कुणाचा?

ट्रायइथेनॉलअमाइनने पीएच ६ करून मगच डिस्पर्शन घातलं, ढवळणं मंद ठेवलं, जेल झाल्यावर सोनिकेशन केलं नाही. फरक नाही. मिठाच्या पाण्यात कार्बोपोल आकसतं खरं, पण तिथे झीटा घसरून माझेच कण गोळा व्हायचे! फ्रान्झ सेलवर (पडद्यातून औषध किती वेगाने बाहेर येतं ते मोजणाऱ्या उपकरणावर) रिलीज मंद येतो, पण तो नुसत्या जेलमुळेही येऊ शकतो.

कार्बोपोलऐवजी एचपीएमसी किंवा पोलोक्सॅमर ही दुसरी जेलद्रव्यं घ्या असं कृपया सुचवू नका. सिनॉप्सिस मंजूर झालाय, गाइड सर आता बदलू देणार नाहीत. टीईएमला (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला) एकच सॅम्पल पाठवण्यापुरतं बजेट आहे, क्रायोची, म्हणजे सॅम्पल न वाळवता गोठवून बघण्याची, सोय नाही. डीएससी (तापवताना पदार्थ कधी वितळतो ते दाखवणारं यंत्र) कॉलेजात आहे.

मग टीईएमला पातळ केलेलं जेल पाठवू का, की ते वाळताना कार्बोपोलचा थर कणांवर बसून काहीच दिसणार नाही? आणि एवढ्या पाण्यात डीएससीवर लिपिडचं वितळण्याचं शिखर कुणाला स्पष्ट मिळालंय का?