महेश एलकुंचवारांची नाटके : सुरुवात कुठून करावी?

चाफेकळी
नमस्कार मंडळी. मी एम.ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पुण्यात. यंदाच्या प्रबंधिकेसाठी एलकुंचवारांची सगळी नाटके घेतली आहेत. 'सुलतान'पासून क्रमाने वाचायला बसले. 'होळी', 'यातनाघर', 'गार्बो' झाली आणि 'वासनाकांड'पाशी अडकले. भावाबहिणीचं ते नातं, ती कोंदट हवा. दोनदा पुस्तक मिटून ठेवलं. मधेच मैत्रिणीने 'वाडा चिरेबंदी' दिलं आणि ते एका रात्रीत वाचून संपवलं. आता वाटतंय की ही दोन वेगळ्या माणसांनी लिहिलेली नाटकं आहेत. मॅडम विचारतात, या दोन टोकांना बांधणारं काय आहे? मला सांगता येत नाही. क्रमानेच वाचत राहू का? ज्यांनी प्रयोग केलेत किंवा पाहिलेत त्यांनी कृपया लिहा.

तिसरी घंटा
क्रम सोडू नका. लेखकाचा प्रवास क्रमानेच कळतो. १९६७ साली 'सत्यकथा' मासिकात 'सुलतान' आली, ती वाचून विजया मेहतांनी त्यांच्या एकांकिका बसवल्या. त्याआधीची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. एलकुंचवार नागपुरात सिनेमा बघायला गेले, तिकीट मिळालं नाही म्हणून नाटकाला जाऊन बसले. ते होतं तेंडुलकरांचं 'मी जिंकलो! मी हरलो!', तेही विजयाबाईंनीच बसवलेलं. तिथून हा माणूस नाटकाकडे वळला. पुढे 'पार्टी' १९७६, 'वाडा' १९८५, 'आत्मकथा' १९८८, मग 'वाडा'ला जोडून त्रिनाट्य पुरं करणारी 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त', आणि 'सोनाटा'. अशी तारखांची वही केलीत तर प्रबंधिका निम्मी झाली समजा.

पैनगंगा
चाफेकळी, मी यवतमाळ जिल्ह्यातली. एलकुंचवारांचा जन्मही आमच्याच जिल्ह्यातला, पारव्याचा. हौशी रंगभूमीवर बावीस वर्षं काढली आणि 'वाडा'तली वहिनी, म्हणजे घरातली थोरली सून, राज्य नाट्य स्पर्धेत केली, म्हणून लिहून राहिले.

तारखांची वही अवश्य कर, पण 'वाडा' एका रात्रीत संपवलंस ना, तिथेच थांब. पुन्हा वाच, आणि या वेळी मोठ्याने वाच. तुझ्या मॅडमचं उत्तर मला तिथे दिसतं.

'होळी'त वसतिगृहातली पोरं आहेत. सणाची सुट्टी मिळाली नाही म्हणून पेटलेली. त्यांचा सगळा जाळ जाऊन पडतो कुणावर, तर आनंदवर, त्यांच्यातल्याच सगळ्यात दुबळ्या पोरावर, आणि तो जीव देतो. 'गार्बो'त तीन पुरुष आहेत. आपल्या रिकाम्या आयुष्याला काही अर्थ यावा म्हणून ते त्या बाईच्या पोटातल्या मुलाकडे डोळे लावून बसतात. तिला काय हवं, हे कुणी विचारत नाही. आता वाड्यात ये. घरचे कर्ते तात्याजी गेलेत, तेराव्याचा खर्च समोर आहे, माणसं एका छपराखाली कोंडलीत. प्रभाला कुणी मारत नाही. तिला शिकायचं होतं, वडिलांनी शिकू दिलं नाही, बस. चंदू घरचा मुलगा असून गड्यासारखा राबतो आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. म्हणजे बळी द्यायची रीत तीच आहे. आधी ती आरडाओरडा करून होत होती, आता पानं वाढता वाढता होते. म्हणून मला 'वाडा' हे 'वासनाकांड'पेक्षा सौम्य नाटक वाटत नाही, उलट जास्त निर्दय वाटतं. तुझं ते एका रात्रीत वाचून झालं कारण त्यातली माणसं तुझ्या ओळखीची होती.

आता बोलीबद्दल. हे मला कळकळीने सांगायचं आहे. आमची वऱ्हाडी मराठी रंगभूमीवर वर्षानुवर्षं हसवण्यासाठी आली. गडी किंवा शिपाई आला की "मले", "तुले", आणि लगेच हशा. एलकुंचवारांनी ती बोली वाड्याच्या मालकांच्या, धरणगावकर देशपांड्यांच्या तोंडी दिली, तीही ज्या घरात मयत झालं आहे त्या घरात. आमच्या पहिल्या तालमीत भास्कर, म्हणजे थोरला मुलगा, करणारा गृहस्थ शहरातला होता. प्रत्येक वाक्य तो हेल काढून म्हणायचा, आणि तालमीला बसलेले लोक खुदकन हसायचे. मला रडू आलं. माझे आजोबा अगदी अस्सेच बोलायचे आणि शेत विकलं त्या दिवशीही ते याच बोलीत बोलले होते. दिग्दर्शकांना मी म्हटलं, याला आमच्या गावी दोन दिवस न्या. नेलं. ओसरीवर बसून त्याने म्हाताऱ्यांचं बोलणं ऐकलं. परत आल्यावर तो हळू बोलायला लागला, आणि हसू थांबलं.

धाकटी सून अंजली मात्र मुंबईची, कोकणस्थ. तिचं बोलणं वेगळं चालतं. वहिनी आणि अंजली समोरासमोर येतात तेव्हा दोन मराठी भाषा एकमेकींना जोखत असतात. हे डोळ्यांनी वाचून कळत नाही.

आणि दागिन्यांचा प्रसंग. रात्री वहिनी घराण्याचे दागिने अंगावर घालते. आम्ही भाड्याने नकली आणले होते, कागदासारखे हलके. काही केल्या मला तो प्रसंग सापडेना. शेवटी सासूबाईंनी त्यांच्या जुन्या पितळी गोठ-पाटल्या काढून दिल्या आणि म्हणाल्या, "हे घालून बघ, हात आपोआप खाली जातो." खरंच गेला. मग कळलं की ती बाई मिरवत नाहीये. आधीच्या सगळ्या सुनांचं ओझं तिच्या मनगटावर आलंय.

नेपथ्य
पैनगंगाताई, दंडवत. मी 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने १९९४ साली केलेला त्रिनाट्याचा प्रयोग पाहिलाय. चंद्रकांत कुलकर्णींचं दिग्दर्शन, 'वाडा चिरेबंदी', 'मग्न तळ्याकाठी', 'युगान्त' एकाच दिवशी, एकापाठोपाठ एक. मधल्या सुट्टीत सगळे जेवायला बाहेर पडायचे आणि अनोळखी लोक एकमेकांशी त्या कुटुंबाबद्दल बोलायचे, नात्यातल्या कुणाबद्दल बोलावं तसं. 'वाड्या'त दारात गंजत पडलेला ट्रॅक्टर बघितलेला असतो, घर अजून उभं असतं. 'युगान्ता'पर्यंत गाव ओसाड, पाण्याला महाग. एक घर मोडताना बघायला बसलो होतो आणि रात्री उठलो तेव्हा सगळा मुलूख मोडलेला होता. त्या 'युगान्ता'ला पुढे साहित्य अकादमी आणि सरस्वती सन्मान मिळाला. चाफेकळी, निदान ही तीन सलग वाचच, मधे दुसरं काही घेऊ नकोस.

एक भर घालतो. 'पार्टी' सोडू नकोस. दमयंती राणेंच्या घरी पुरस्कार मिळालेल्या बर्व्यांसाठी सगळे लेखक-कलावंत जमलेत, आणि सगळ्यांच्या बोलण्यात अमृत आहे. तो कवी, आदिवासींमध्ये काम करायला निघून गेलेला. तो रंगमंचावर येतच नाही, पण प्रत्येकाला त्याची लाज वाटत राहते. 'होळी' आणि 'वाडा' यांच्यामधली पायरी मला तिथे दिसते. गोविंद निहलानींचा सिनेमाही बघ, पण वाचून झाल्यावर.

तिसरी घंटा
पैनगंगा, मी क्रमाचा आग्रह धरला होता. तुमचं वाचून 'होळी' आणि 'वाडा' आज शेजारी ठेवून वाचली. आनंद आणि प्रभा यांची जोडी माझ्या कधीच लक्षात आली नव्हती. माझा आग्रह मागे घेतो.

चाफेकळी
सगळ्यांचे मनापासून आभार. पैनगंगा काकू, एक विचारू? 'आत्मकथा' आणि 'सोनाटा' यात कुठे बसतात? त्यात वाडा नाही, गाव नाही, वऱ्हाडी नाही.

पैनगंगा
बेटा, 'आत्मकथा'त राजाध्यक्ष म्हणून मोठा, म्हातारा लेखक आहे. तो आपली कहाणी प्रज्ञा नावाच्या तरुण अभ्यासक मुलीला सांगतो. बायको आणि मेहुणी, दोघींचं आयुष्य त्याने कच्चा माल म्हणून वापरलेलं आहे, आणि आता त्या दोघी त्याच्या गोष्टीत शिरून त्याला अडवतात. इथे बळी घेणारा स्वतः लिहिणारा आहे. माझ्या मते एलकुंचवारांनी इथे स्वतःच्या धंद्यावरच बोट ठेवलं. डॉ. श्रीराम लागूंनी ती भूमिका केली होती. 'सोनाटा'त तीन शिकल्यासवरल्या, कमावत्या बाया एका संध्याकाळी एका घरात. दार उघडं आहे, कुणी कोंडलेलं नाही, तरी एकटेपण तेच. प्रभा शिकली असती, मुंबईला गेली असती, तर ती या तिघींतली एक झाली असती का, हे मी कित्येकदा मनात धरून बसते.

'वासनाकांड' आत्ता ठेवून दे. ही दोन वाचलीस की उचल, या वेळी मिटावंसं वाटणार नाही.

आणि 'वाडा' मोठ्याने वाचशील तेव्हा दादीपाशी घाई करू नको. ती म्हातारी वेळ विचारते, तीही गेलेल्या मुलाला. पुन्हा पुन्हा विचारते. तालमीत आमच्या दादीने पहिल्यांदा विचारलं तेव्हा विंगेत उभ्या असलेल्या चंदूने नकळत मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं होतं.