गावच्या तलावाच्या गाळात काळा थर निघालाय, यावरून जुना पाऊस कळेल का?

भातवाफा (खानापूर तालुका):

नमस्कार मंडळी. आमचं गाव हलशीच्या बाजूला. गावच्या जुन्या तलावातला गाळ काढायचं काम चाललंय. आधी उद्योग खात्रीतून (रोजगार हमीतून) माणसांनी काढला, आता जेसीबी लावलाय. शेतकरी ट्रॉल्या भरून नेताहेत, मीपण भाताच्या वाफ्यात टाकला. परवा जेसीबीनं बांधाच्या आतल्या अंगाला सरळ उभा काप घेतला आणि पुरुषभर उंचीची भिंत उघडी पडली.

मी बराच वेळ तिथंच उभा होतो. सगळ्यात वर करडा चिखल, त्यात गुटख्याच्या पुड्या न् प्लास्टिक. त्याखाली वीतभर तांबडा थर. त्याखाली दोन बोटं जाडीचा काळा थर, त्यात कोळशाचे बारीक कण हाताला लागतात. त्याखाली निळसर करडी चिकणमाती, एकदम लोण्यासारखी, मध्येमध्ये पानांचे तुकडे. तळाला मुरूम. आणि एका ठिकाणी उभ्या रेघा दिसतात, भेगा बुजल्यासारख्या.

आमचा आजा सांगायचा, कधीकाळी हा तलाव इतका आटला होता की आत शेरडं चरायची. गावातले जाणते म्हणतात काळा थर म्हणजे तोच दुष्काळ. मी हायस्कुलात शिकवतो. लोणारच्या गाळावरून हजारो वर्षांचा पाऊस काढलाय हे वाचलं होतं, म्हणून विचारतो: आमच्या तलावावरून तसं काही कळेल काय? वळीव दोनदा पडून गेला. पीडीओ (पंचायतीचे विकास अधिकारी) म्हणतात मिरगाच्या आत काम संपवायचं. म्हणजे ही भिंत फार दिवस राहणार नाही.

चिकोडीकर:

सर, गाळ शेतात पातळ पसरा, एका जागी ढीग नको, नाहीतर पहिल्या वर्षी पाणी धरून बसतो. काळा थर मात्र १८७६ चाच असणार बघा. त्या दुष्काळात बेळगाव, धारवाड, कलादगी सगळे जिल्हे होरपळले होते.

परागकण:

सर, मी मूळची बेळगावची, शहापूरची. नोकरीची सगळी वर्षं प्रयोगशाळेत गाळातले परागकण मोजण्यात गेली. तुमचं लिहिणं वाचून राहवलं नाही. आधी एक विनंती: उद्याच्या उद्या पीडीओंना भेटा आणि त्या भिंतीचा दोन हात रुंदीचा पट्टा मिरगापर्यंत तसाच ठेवायला सांगा. बाकीचा गाळ शेतात जाऊ दे, तो शेताचाच आहे. पण पट्टा एकदा मोडला की थरांचा क्रम गेला, आणि क्रम गेल्यावर तो नुसता चिखल.

आता काळ्या थराबद्दल. कोळसा म्हणजे आग, एवढंच खात्रीनं म्हणता येतं. आग म्हणजे दुष्काळ असं होत नाही. खानापूरच्या पश्चिमेला आणि खाली कारवारकडे कुमरीची शेती होती. उतारावरची झाडी तोडायची, जाळायची, राखेत नाचणा पेरायचा, दोन-तीन वर्षांनी दुसरीकडे जायचं. भरपूर पावसाच्या वर्षांतही असा कोळसा वाहून तलावात येणारच. तेव्हा चिकोडीकरदादा, १८७६ चा दुष्काळ खरा, आपल्या भागाचे हाल झाले तेही खरं, पण या थरावर ते साल आत्ताच लिहू नका.

दुसरी गोष्ट सांडव्याची. बांधलेल्या तलावाला सांडवा असतो आणि मोरी असते. पाऊस दुप्पट झाला तरी तलाव सांडव्याच्या वर चढत नाही, जादा पाणी ओढ्याला जातं. आणि मोरी उघडून भाताला पाणी सोडलं की चांगल्या वर्षीही तळ दिसू शकतो. लोणारचं तसं नाही. तिथून पाणी बाहेर जायला वाटच नाही, आलेलं पाणी फक्त वाफ होऊन जातं. त्यामुळे पाऊस आणि बाष्पीभवन यांचा हिशेब तिथल्या गाळात उतरतो. तुमच्या तलावाच्या गाळात पावसाआधी माणसं दिसतात: बांध घालणारी, जंगल तोडणारी, शेत करणारी. त्यांचा वाटा ओळखून बाजूला काढला तरच मागे पाऊस उरतो. आमचं निम्मं काम हेच असतं.

तांबड्या थराचंही तेच. वरच्या उतारावरचा जांभा धुपून आला असेल तर थर तांबडा होतो. मग तो अतिवृष्टीनं धुपला, की नवीन रस्ता न् नवीन शेत केल्यानं? रंग त्याचं उत्तर देत नाही. कणांचा आकार थोडं देतो. एकाच जोराच्या पुरानं आलेला थर तळाशी भरड आणि वर बारीक असतो. वर्षानुवर्षं थोडं थोडं धुपून आलेला थर खालीवर सारखाच लागतो. चिमूटभर माती दातात धरून बघा, वाळू लगेच कळते. शेतात काम करताना आम्ही सर्रास तसंच करतो.

तुमच्या सगळ्या वर्णनात मला सर्वात मोलाच्या वाटल्या त्या उभ्या रेघा. ओला चिखल पूर्ण वाळला की भेगाळतो आणि पुढच्या पाण्याबरोबर आलेली माती त्या भेगांत भरते. म्हणजे त्या रेघा तळ कोरडा पडल्याचा पुरावा आहेत. त्या कोणत्या थरातून सुरू होतात आणि कुठपर्यंत उतरतात, हे नीट बघून कळवा.

निळसर चिकणमाती सतत पाण्याखाली राहिलेली असते, तिला हवा लागलेली नसते. त्यामुळे परागकण टिकतात. गाळ वाळून हवा खेळली की ते कुजतात, म्हणून तांबड्या थरात फारसे मिळणार नाहीत. चिकणमातीत जांभूळ आणि दाट रानातल्या झाडांचे पराग जास्त, की गवताचे जास्त, यावरून भोवतीचं रान कसं होतं ते दिसेल. पण इथंही सांभाळून. आपली बहुतेक झाडं किडे-मधमाश्यांवर फळतात, त्यांचे पराग तलावात थोडेच पडतात. गवताचे वाऱ्यावर उडून येतात, म्हणून गवत नेहमी खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. शिवाय भाताचा पराग रानगवतापासून वेगळा ओळखणं फार अवघड. त्यासाठी भाताच्या पानातले आणि तुसातले सिलिकाचे सूक्ष्म कण शोधावे लागतात.

एक मुद्दा मी मुद्दाम सांगते, कारण आपल्या भागात तो हमखास फसवतो. गाळातल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून, रान होतं की गवताळ माळ, हे काढतात. झाडांचं मूल्य दर हजारी उणे २७ च्या आसपास येतं, उष्ण माळावरच्या गवतांचं उणे १३ च्या आसपास. निलगिरीतल्या दलदलींच्या गाळावर असं काम झालंय आणि तिथं ते छान लागू पडतं. पण नाचणा, ज्वारी, मका आणि ऊस ही पिकंही त्याच दुसऱ्या गटातली, तर भात झाडांच्या गटात. म्हणजे गावानं जंगल तोडून नाचणा लावला, तर आकडे बघणारा म्हणेल पाऊस घटला आणि माळ पसरला. पाऊस मात्र होता तेवढाच!

भातवाफा:

मॅडम, खूप आभार. वाचून आज वर्गात फळ्यावर थर काढले, मुलं सोडत नव्हती. पीडीओंशी बोललो, पट्टा ठेवायला तयार आहेत. नमुना कसा घ्यायचा? आणि थराचं वय कळायला किती खटाटोप लागेल?

परागकण:

आधी भिंतीचा वरचा पापुद्रा खुरप्यानं काढून टाका. खुरपं आडवं चालवा. वरून खाली ओढलंत तर वरच्या थराची माती खालच्या थराला फासली जाते. नमुने खालून वर घेत या, म्हणजे सांडलेली माती पुढच्या नमुन्यात जात नाही. दर दोन इंचाला एक, स्वच्छ पिशवीत, वर खोली लिहून. पानाचे तुकडे आणि बिया हात न लावता चिमट्यानं उचला आणि अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा. नमुने फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नको. भिंतीचा फोटो काढताना शेजारी मोजपट्टी उभी धरा.

वयाचं असं. गेल्या शंभर-दीडशे वर्षांसाठी शिसे-२१० हे किरणोत्सारी शिसं वापरतात, ते दर २२ वर्षांनी निम्मं होतं. सिझियम-१३७ या दुसऱ्या किरणोत्सारी द्रव्याचीही मदत होते. १९६३ च्या सुमारास हवेतल्या अणुचाचण्यांमुळे ते जगभर सर्वात जास्त खाली बसलं, आणि गाळात तो उंचवटा सापडला की एक साल पक्कं होतं. त्याआधीच्या काळासाठी कार्बन-१४. त्याचं अर्धआयुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा काळ, ५७३० वर्षं, सुमारे ५०,००० वर्षांपर्यंत चालतं. पण १६५० ते १९५० या काळात ते एका नमुन्याला तीन-चार वेगवेगळी सालं देतं, हे आधीच माहीत असू द्या. आणि वयासाठी पान किंवा बी द्या, कोळसा नको. शंभर वर्षांच्या झाडाच्या गाभ्याचा कोळसा शंभर वर्षं जुनंच वय सांगणार.

प्रयोगशाळेशिवायही एक वाट आहे. मका आणि काजू आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आले, सोळाव्या शतकात. मक्याचा परागकण गवतांमध्ये सगळ्यात मोठा, सूक्ष्मदर्शकाखाली पटकन ओळखू येतो. तो ज्या थरात मिळेल तो थर त्यानंतरचा. निलगिरीच्या झाडाचा पराग मिळाला तर आणखी अलीकडचा. लखनौच्या बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थेत हेच काम चालतं. त्यांना फोटो आणि थरांची नोंद पाठवून विचारा, नमुने लगेच पाठवू नका.

घटप्रभा:

ताई, मग लोणारचे निष्कर्ष तरी किती धरायचे? तिथंही माणसं आहेत, देवळं आहेत, शेती आहे.

परागकण:

चांगला प्रश्न विचारलात. तिथं तळातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळ काढला, अकरा हजारांहून जास्त वर्षांचा. त्यातला खनिजाचा पुरावा माणसाच्या हातात नाही. पाणी खूप आटून खारट झालं की गेलुसाइट नावाच्या खनिजाचे खडे तिथल्या चिखलात तयार होतात. कुणी नाचणा पेरून ते होत नाहीत. त्या खड्यांवरून आणि इतर खुणांवरून दोन लांब कोरडे काळ ठरवले: एक साधारण ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. पहिल्याला दुसरीकडूनही आधार मिळतो. हरियाणातल्या कोटला डहर या जुन्या तळ्यात गोगलगाईंच्या शंखांतल्या ऑक्सिजनवरून सुमारे ४१०० वर्षांपूर्वी मान्सून एकदम क्षीण झाल्याचं दिसलं. मेघालयातल्या मावम्लुह गुहेच्या चुनखडीच्या स्तंभातही तीच घटना आहे, आणि तिच्यावरूनच २०१८ मध्ये मेघालयन कालखंडाची (पृथ्वीच्या इतिहासातल्या सध्या चालू असलेल्या कालखंडाची) सुरुवात ४२०० वर्षांपूर्वी धरली गेली. तीन वेगळ्या जागा, तीन वेगळ्या पद्धती, म्हणून मी ते मानते.

भातवाफा:

मॅडम, आज भेगा बघितल्या. तांबड्या थराच्या तळापासून सुरू होतात, काळा थर चिरून निळ्या मातीत हातभर उतरतात. आत तांबडी माती भरलीय. तांबडा थर दातात धरला, खाली कचकच लागते, वर नाही.

परागकण:

म्हणजे क्रम असा: आधी जाळपोळ होऊन कोळसा आला, मग तळ कोरडा पडला, मग एका जोराच्या पाण्यानं तांबडी माती आली. काळा थर आणि तलाव आटणं या दोन वेगळ्या घटना ठरल्या. तुमच्या आज्यांची आठवण बहुतेक त्या भेगांची आहे, कोळशाची नाही.

पण अजून एक शक्यता उरते. बांध फुटला तरीही तलाव कोरडा पडतो, पाऊस कितीही असो. बांधावर कुठे नंतर भरलेली वेगळी माती किंवा वेगळं दगडकाम दिसतं का ते बघा. आणि त्याच ओढ्यावर, किंवा शेजारच्या गावात, दुसरा जुना तलाव आहे का? तिथंही अशाच भेगा त्याच वयाच्या थरात मिळाल्या तर दोन बांध एकाच वेळी फुटले असं कुणी म्हणणार नाही.

भातवाफा:

बांधाला मोरीच्या डाव्या अंगाला दगड वेगळे आहेत, ते मी लहानपणापासून बघतोय. आणि ओढ्याच्या खाली दीड मैलावर दुसरा तलाव आहे, त्याचा गाळ कधीच काढलेला नाही. तिथल्या पंचायतीचे सदस्य माझेच माजी विद्यार्थी. रविवारी जाऊन पहारीनं एक खड्डा घेऊन बघतो, फोटो टाकतो.