पीथमपूरची ठेक्यावरची नोकरी धरू की अजून थांबू?

सुदामानगरचा_मेकॅनिकल
नमस्कार मंडळी. मी इंदूरचाच, २०२३ ला बीई मेकॅनिकल झालो, मार्क ना धड वर ना धड खाली. कॅम्पसमध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीचं ऑफर लेटर मिळालं होतं, आईने आख्ख्या गल्लीत पेढे वाटले, मग जॉइनिंगची तारीख आज-उद्या करत पुढे ढकलली आणि शेवटी त्यांचे मेलच यायचे बंद झाले. गल्लीतले अजून विचारतात, "काय रे, कधी जातोयस बेंगळुरूला?" आता इथून जवळच पीथमपूरच्या इंडस्ट्रियल एरियात ऑटो पार्टच्या एका कारखान्यात क्वालिटीला माणूस पाहिजे. पण कंपनीच्या रोलवर नाही, ठेकेदाराकडून. १४,५०० ग्रॉस, पीएफ-ईएसआय कापून हातात तेराच्या आतबाहेर, तीन शिफ्ट, बस राजेंद्रनगरहून. बाबांचं म्हणणं की बीई होऊन ठेकेदाराकडे कशाला, घरी बस आणि पीएससी, म्हणजे राज्यसेवेची तयारी, कर. वय २४. खरं खरं सांगा, धीर द्यायला नका येऊ, तो मावशी रोज फोनवर देते.

गेरवाला
धर. डोळे मिटून धर. घरी बसलेल्याला कोणी बोलवत नाही भिया, इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न काय असतो, "सध्या काय करताय?" आणि तिथे "तयारी" म्हटलं की समोरचा मान हलवतो आणि पुढची फाइल उघडतो. मी स्वतः राऊच्या एका वर्कशॉपमध्ये ८,००० वर लागलो होतो, हात काळे झाले, पण मायक्रोमीटर धरायला तिथेच शिकलो, कॉलेजात तर तो काचेच्या कपाटात होता. आज बरं चाललंय. आणि बाबांना सांग, घरी बसून माणसाला गंज चढतो, लोखंडाला नंतर.

तीन_ठेकेदार_एक_मशीन
नको धरू. गेरवाल्याने वर्कशॉपचं सांगितलं, तिथे मालक समोर असतो, काम बघतो, नाव घेऊन हाक मारतो. ठेक्यात तसं नसतं. माझं ऐक, मी तीन वर्षं एकाच कारखान्यात, एकाच लाइनवर, एकाच मशीनसमोर उभा राहिलो, आणि माझ्या पीएफ पासबुकात नावं तीन. दर वर्षी ठेकेदार बदलायचा, मी तिथेच. आता दुसरीकडे गेलो की एचआर विचारतो, तुम्ही दर वर्षी नोकरी का सोडता? काय सांगू त्याला? एक्सपिरियन्स लेटर मागायला गेलो तर कंपनी म्हणे तुम्ही आमचे नाही, आणि पहिल्या ठेकेदाराचं ऑफिस होतं तिथे आता मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. म्हणजे काम मी केलं, कागदावर मी कुठेच नाही. अनुभव अनुभव म्हणून सगळे बोलतात, पण अनुभव हा कागदावर लागतो, हाताला आलेला असून काय उपयोग.

गेरवाला
अरे पण तुला मशीन येतं ना? येतं. मग?

तीन_ठेकेदार_एक_मशीन
येतं. त्याच मशीनवर आता तुझ्यासारखाच एक पोरगा १४,५०० वर उभा आहे, हे पण येतं.

सुदामानगरचा_मेकॅनिकल
हे पीएफवालं माझ्या डोक्यातच नव्हतं. म्हणजे आधी ठेकेदाराला विचारायचं का, की करार किती महिन्यांचा आहे?

मिलवाल्याचा_मुलगा
जरा लांब लिहितो, चालवून घ्या. ठेका वाईट, पक्की नोकरी चांगली, असं इथे सगळे गृहीत धरून बोलतायत. माझे वडील मिलमध्ये होते, पक्के, रोलवर, बोनस-बिनस सगळं. अनंत चतुर्दशीच्या झांकीत मिलच्या ट्रकवर मला बसवायचे आणि मला वाटायचं सगळं शहर आमचंच आहे. मग एकेक करून भोंगे बंद झाले. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद झाली आणि तिथल्या कामगारांच्या थकलेल्या पैशाचा निकाल लागायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, ३२ वर्षं, त्यातले कितीतरी तोवर राहिलेच नव्हते, चेक घ्यायला विधवा आणि नातवंडं. पक्की नोकरी ही अशी पक्की. आमच्या बाबांनी मिल गेल्यावर दोन वर्षं "मिल परत सुरू होणार" म्हणून वाट बघितली, रोज शर्ट इस्त्री करून बाहेर पडायचे आणि चौकात बसून परत यायचे. घर आईने पापड लाटून चालवलं. म्हणून मी म्हणतो पोरा, थांबू नकोस. ठेक्याची तर ठेक्याची. माणसाचं जे काय होतं ना ते पगार थांबल्याने होत नाही, सकाळी जायला जागा नसल्याने होतं.

भंवरकुआं_सहावं_वर्ष
काका, तुमचं वाचून वाईट वाटलं, पण बाबांची मिल आणि याची पीएससी एकच नाही ना. मिल सुरू होणार नव्हती. परीक्षा होते, उशिरा होते पण होते. आमच्या एमपीत राज्यसेवेला सर्वसाधारण वर्गालाही ४० पर्यंत चालतं, याचं वय २४, एवढी घाई काय? दोन वर्षं नीट दिली तर आयुष्य बदलतं. तीन शिफ्टमध्ये राबून रात्री लक्ष्मीकांतचं राज्यघटनेचं पुस्तक उघडून बघा, दुसऱ्या पानावर झोप लागेल. दोन दगडांवर पाय ठेवू नये.

गेरवाला
४० पर्यंत चालतं हीच तर गंमत आहे. २०२५ च्या राज्यसेवेच्या जाहिरातीत जागा किती होत्या? १५८. आख्ख्या एमपीला. भंवरकुआंला, जिथे सगळे कोचिंग क्लास आहेत, एका गल्लीत तेवढी पोरं सकाळी पोह्याच्या ठेल्यावर उभी असतात.

भंवरकुआं_सहावं_वर्ष
आणि त्यातले १५८ होतात ना पण? कोणीतरी होतंच.

टॅली_ताई
"कोणीतरी होतंच" हे लॉटरीवाला पण म्हणतो रे. २०१९ च्या परीक्षेचा अंतिम निकाल २०२३ च्या शेवटी लागला, ओबीसी आरक्षण १४ टक्के की २७ टक्के याचं कोर्टात भिजत घोंगडं, वर ८७-१३ चा फॉर्म्युला, म्हणजे १३ टक्के जागांचा निकाल लिफाफ्यातच. अभ्यासात कमी पडला म्हणून नापास झालास तर समजू शकते, पण पास होऊन लिफाफ्यात बसलास तर घरी काय सांगशील?

माझं वेगळंच झालं, म्हणजे आम्हा मुलींचं असंच होतं. बी.कॉम. नंतर मी पण "चांगलं मिळेपर्यंत थांबते" म्हटलं. मुलगा घरी थांबला की तो तयारी करतो, मुलगी घरी थांबली की तिच्यासाठी स्थळं येतात. चार महिन्यांत पाच जण पोहे खाऊन गेले. मग रामबागेत एका सीएकडे ७,००० वर लागले, जीएसटीची रिटर्न भरायची, चहा पण कधीकधी मीच आणायची, काकू म्हणायच्या एवढ्याशा पैशासाठी कशाला उन्हात जातेस. पण त्या ७,००० मुळे घरात "ती ऑफिसला गेलीये" हे वाक्य आलं. ते वाक्य मी विकत घेतलं म्हणा ना. म्हणून मला हे "योग्य नोकरीची वाट बघ" ऐकलं की राग येतो, वाट बघणं ही सुद्धा ऐपतीची गोष्ट आहे.

तीन_ठेकेदार_एक_मशीन
ताई, तुमचं पटतं, पण तुम्ही सीएकडे काम शिकलात, रिटर्न भरता यायला लागली, ती कुठेही चालतात. लाइनवर गो-नो-गो गेज लावून ओके-रिजेक्ट करण्यात आठ दिवसांनी शिकायला काही उरत नाही.

आकडेमोड
मध्येच टपकतो. सरकारी सर्वेक्षणात २०१७-१८ ला बेरोजगारी ६.१ टक्के होती, २०२३-२४ ला ३.२. वाचून वाटेल वा, सुधारलं सगळं. पण त्याच २०२३-२४ ला १५ ते २९ वयात १०.२ टक्के. आणि घरच्या दुकानात बिनपगारी मदत करणारा पण कामावर धरला जातो, म्हणजे हा प्रश्न विचारणारा पोरगा उद्या बाबांच्या दुकानात बसला तर सरकारच्या लेखी त्याचा प्रश्न मिटला.

सुदामानगरचा_मेकॅनिकल
बाबांचं दुकान नाहीये हो, ते बिजली विभागातून रिटायर झाले. तेवढाही आधार नाही आकड्याला.

राजवाडा_ते_राऊ
एक मुद्दा कोणी बोललंच नाही. अप्रेंटिसशिप बघितलीस का? इंजिनियर पोरांना अप्रेंटिस कायद्याखाली एक वर्षाची मिळते, सर्टिफिकेट सरकारी, आणि त्यावर कंपनीचंच नाव असतं, ठेकेदाराचं नाही. पण पास होऊन ५ वर्षांच्या आत लागते, आणि एक वर्ष किंवा जास्त नोकरीचा अनुभव असला तर मग घेत नाहीत. म्हणजे आधी ठेक्यात वर्षभर घालवलंस तर हा दरवाजा बंद. आपल्या एमपी सरकारची सीखो-कमाओ योजना पण आहे, काम शिकता शिकता स्टायपेंड, ग्रॅज्युएटला १०,००० महिना.

गेरवाला
१४,५०० सोडून १०,००० घ्यायला सांगतोयस? आणि वर्ष संपल्यावर? "धन्यवाद, या आता."

राजवाडा_ते_राऊ
ठेक्यात काय सत्कार करून पाठवतात का. किमान सर्टिफिकेटवर नाव तरी बरोबर असतं.

मिलवाल्याचा_मुलगा
कागद, कागद. आमच्या बाबांकडे मिलचं ओळखपत्र होतं, फोटोसकट. ते अजून कपाटात आहे.

सुदामानगरचा_मेकॅनिकल
अपडेट देतो. काल संध्याकाळी राजेंद्रनगरच्या स्टॉपवर जाऊन उभा राहिलो, फर्स्ट शिफ्टवाल्यांची बस परत येते तिथे. चार जणांशी बोललो. दोघं म्हणाले ये, एक म्हणाला अजिबात येऊ नकोस, चौथा झोपेत होता, त्याने फक्त विचारलं, "कॅन्टीनचं कूपन देतायत का तुला? आम्हाला बंद केलं." मग ठेकेदाराला फोन लावला, की अपॉइंटमेंट लेटरवर काम कुठल्या डिपार्टमेंटला ते लिहून द्या आणि पीएफ पहिल्या महिन्यापासून भरा. तर म्हणतो, "काम करना है कि फाइल बनानी है?" मी म्हटलं दोन्ही. हसला, म्हणाला शनिवारी ये, देतो. अप्रेंटिसचे पण तीन फॉर्म भरलेत रात्री. त्यांचं बोलावणं वर्षाच्या आत आलं तर हे सोडून जाईन, अकरावा महिना कॅलेंडरवर लाल केलाय. सोमवारपासून जातोय, सव्वापाचची बस. बाबांना सांगितलं नाहीये अजून, आईला माहितीये, ती डब्याचं विचारत होती.

भंवरकुआं_सहावं_वर्ष
चूक करतोयस. पण प्रिलिमचा फॉर्म निघेल तेव्हा भर तरी.

तीन_ठेकेदार_एक_मशीन
लेटर हातात आल्याशिवाय सोमवारी बसमध्ये चढू नकोस, हे "शनिवारी देतो" मी तीन वेळा ऐकलंय. आणि पहिला पगार झाला की पीएफ पासबुक उघडून बघ, पैसे पडलेत का आणि नाव कोणाचं आहे. आणि मशीन नंबर चार असेल तर डाव्या बाजूला उभा राहू नकोस, कूलंट उडतं.