हावळा खाल्लात का?
संक्रांत सरली, तीळगूळ संपला, तरी पहाटे गोधडी सोडवत नाही, थंडीचे हे राहिलेले दिवस ढकलायचे कसे, असं एकानं विचारलंय. त्यावर सूप-कॉफीचे सल्ले आलेत, ठीक आहेत. पण आमच्या साताऱ्याकडं या दिवसांत खरी मजा हावळ्याची, म्हणजे शेतातच भाजलेल्या ओल्या हरभऱ्याची. घाटे (हरभऱ्याच्या शेंगा) भरलेले पण अजून हिरवे, असा हरभरा मुळासकट उपटायचा आणि बांधावर पाचट-काटक्या पेटवून त्यावर टाकायचा. पाला भुर्रकन जळतो, घाटे तडतडतात. मग राखेतून एकेक वेचून, फुंकून, फोडून खायचा. बोटं काळी, ओठ काळे, हात शेकले जातात ते वेगळंच.

शहरात असाल तर मंडईतून डहाळ्याच्या, म्हणजे ओल्या हरभऱ्याच्या, जुड्या आणा. घाटे लोखंडी तव्यावर मिठाच्या पाण्याचा हबका मारून भाजा. धुराचा वास नाही येत, पण वेळ निभावते.

कराडकडं ओळख असेल तर गुऱ्हाळावरून काकवी मागवा. गरम बाजरीची भाकरी, तूप, वर काकवी (मधुमेहवाल्यांनी माफ करावं).

हावळ्याचं मात्र लांबणीवर टाकू नका. शिवरात्र जवळ आली की घाटे वाळायला लागतात.