मनिला: बीपी आणि युरिक ॲसिडवाल्या बाबांसाठी मासे सुचवा

मकातीकरीण
नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही मनिलात, मकातीला असतो. पुढच्या महिन्यात आईबाबा वेंगुर्ल्याहून येतायत. बाबांना बीपी आहे, युरिक ॲसिडही वर असतं, पण ताटात मासा नसला की ते जेवणावर रुसतात. इथल्या बाजारात मासे ढिगाने आहेत, मला मात्र कोळंबीपलीकडे फारसं काही ओळखता येत नाही. घरीच करणार. आठवड्याला हजार पेसोंच्या वर जायचं नाहीये. काय घेऊ, काय टाळू?

चिंबोरीप्रेमी
ताई, सरळ पासायला माकापागाल बुलेवार्डच्या डाम्पात न्या त्यांना. बाजारातून जिवंत चिंबोऱ्या, टायगर कोळंबी, लापुलापू मासा आपण निवडायचे आणि शेजारच्या हॉटेलात द्यायचे, ते मजुरी घेऊन हवं तसं शिजवून देतात. आमच्या साहेबांना नेलं होतं, लसूण-बटरमधली चिंबोरी खाऊन अजून नाव काढतात. बिलाचं विचारू नका.

मकातीकरीण
दादा, हजार पेसो *आठवड्याचे* आहेत :)

खाडीकाठ
बांगूस (मिल्कफिश) घ्या, दागुपान शहराकडचा आहे का ते विचारून. काटे भयंकर असतात, पण बाजारात बोनलेस मिळतो. बाई मासा पाठीकडून उघडते, कणा ओढून काढते आणि मग चिमट्याने मांसातले केसासारखे काटे एकेक उपसत बसते. पोटाकडचा काळा पडद्याचा भाग टाकू देऊ नका, खरी चरबी तिथेच. व्हिनेगर-लसणात मुरवून तव्यावर टाका.

सुरमई_एके_सुरमई
बांगूस?? तळ्यातला मासा, चिखलाचा वास येतो. तिलापियाचं तर नावच नको. तानिगे घ्या, म्हणजे आपली सुरमईच. मी दुसरा मासा घरात आणत नाही.

खाडीकाठ
वास येतो तो शिळ्याला. आणि हजार पेसोंत आठवडाभर सुरमई? तुम्ही पाठवणार का?

दावाओ_रिटर्न
आमचा मुलगा दावाओला मेडिकलला आहे. त्याला भेटायला गेलो तेव्हा जनरल सँटोसचा ट्यूना खाल्ला, कोळशावर भाजलेला अख्खा जबडा! मनिलातला ट्यूना म्हणजे त्यापुढे पुठ्ठा. आईबाबांना तिकडेच फिरवून आणा.

वरणभात
अवांतर: युरिक ॲसिड आहे तर मासे हवेतच कशाला? मुगाचं वरण द्या.

चिंबोरीप्रेमी
आले हे. धागा माशांचा आहे, काका.

हळद_मीठ
मी आहारतज्ज्ञ आहे, पण बाबांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही ठरवू नका.
माशातला ओमेगा-३ हृदयाला चांगला, प्रथिनं आणि बी-१२ मिळतात, हे खरंच. अडचण अशी की तारली, डिलिस (आपल्या मांदेलीच्या जातकुळीतला बारीक मासा), शिंपल्या यांत प्युरिन जास्त, म्हणजे युरिक ॲसिडला वाईट. बीपीला तर मासा नडत नाही, नडतं त्याच्याबरोबरचं मीठ. तुयो म्हणजे खारवलेला सुका मासा, पातीस म्हणजे माशाचं खारं पाणी आणि बागोओंग म्हणजे जवळा किंवा बारीक मासे मिठात आंबवलेले. ही तिन्ही घरात आणूच नका. सिनिगांगचं (इथल्या आंबट साराचं) पाकीटही तसंच खारट. खरी चिंच, टोमॅटो, मुळा, कांगकोंग (इथली पालेभाजी) घालून आंबट सार करा, त्यात मासा शेवटी सोडा, मीठ निम्म्यावर येतं. कोकणातल्या जिभेला रुचेलही. सुरमई-ट्यूनासारख्या मोठ्या माशांत पारा साठतो, त्यामुळे रोज नकोत.

गोव्याची_पोर
किनिलाव राहिलाच की! ताजा मासा कच्चाच, व्हिनेगर, आलं, कलामन्सी (इथलं छोटं लिंबू). स्वर्ग.

हळद_मीठ
आंबटात मासा पांढरा दिसतो, पण त्यातले जंतू आणि कृमी मरतातच असं नाही. वयस्कर माणसाला नको.

बंदरावरचा
ताहोंग (आपल्या शिनाण्यांसारख्या हिरव्या शिंपल्या) स्वस्त दिसतील, मोहात पडू नका. रेड टाइडचं (समुद्रात विषारी सूक्ष्म शेवाळ माजतं त्याचं) विष शिजवूनही जात नाही. १९८३ मध्ये समार बेटाच्या माकेदा उपसागरात ते इथे पहिल्यांदा नोंदलं गेलं, तेव्हापासून सरकारी मत्स्यखातं कुठल्या खाडीतल्या शिंपल्या आणि जवळा बंद ते जाहीर करतं. ते बघूनच घ्या. मासे, कोळंबी, माकूल अशा वेळीही चालतात, फक्त ताजे हवेत, आतडी काढून नीट धुतलेले.

नवी_मुंबईकर
बांगूस घ्या, बोनलेस मिळतो. +१

खाडीकाठ
हे मी वर लिहिलंय.

मकातीकरीण
सगळ्यांचे आभार. डॉक्टरांशी बोलले. ते म्हणाले, आठवड्यातून दोनदा मासा, माफक, शिंपल्या आणि सुकं पूर्ण बंद. मी तिलापिया घेणार आहे. बाजारात टाकीतला जिवंत मिळतो, काटे कमी, बजेटात बसतो, आणि आंबट सारात वास कोणाला येतोय! ओमेगा-३ कमी असतो हे वाचलंय, महिन्यातून एकदा बांगूस करीन.

सुरमई_एके_सुरमई
वेंगुर्ल्याच्या माणसाला तिलापिया? बाबा परतीचं तिकीट अलीकडचं काढतील बघा.

चिंबोरीप्रेमी
डाम्पाचा पत्ता टाकू का?